ग्लोव्हजमध्ये काय आहे, हे सांगायला इतका वेळ?

खोक्यावर 'लेटेक्स फ्री', म्हणजे नैसर्गिक रबर नाही, असं छापलं असलं की ते ग्लोव्हज कुणाच्याही हाताला चालतात, असं मला पुरवठादाराने सांगितलं, त्याच्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलं, पार्लरमधल्या मैत्रिणींनीही सांगितलं. माझे हात काही वेगळंच सांगत होते. बोटांच्या बेचक्यांत लाल पुरळ, मनगटावर ग्लोव्हची कड बसते बरोबर तिथे खाजरा पट्टा आणि रात्री झोप मोडेल अशी आग. 'पार्लरचं काम म्हटलं की हात खराब होणारच' हे वाक्य तर मला आता ऐकवत नाही. वॅक्सिंग करणाऱ्या आणखी कुणाच्या हातांची अशी दशा झाली असेल, तर तिला माझ्याइतकं ताटकळावं लागू नये, म्हणून हे लिहिते आहे.

ग्लोव्हज सोडून देणं हा पर्याय माझ्यासाठी नव्हताच. वॅक्सची पट्टी ओढली की केस मुळासकट निघतो. काखेत किंवा बिकिनी लाइनला रक्ताचे बारीक ठिपके येतात आणि ते आपणच टिपतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो, म्हणजे रक्त वाळलं तरी धोका वाळत नाही. फेशियलमध्ये ब्लॅकहेड काढताना तेच. चामखीळ, मोलस्कम (विषाणूमुळे येणाऱ्या बारीक गाठी), हर्पिस, केसांच्या मुळाशी होणाऱ्या पुळ्या हे सगळं एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर न्यायला उघडा हात पुरतो. त्यात माझ्या बोटांना भेगा पडलेल्या. भेगा पडलेली त्वचा म्हणजे सताड उघडं दार. 'थोडे दिवस ग्लोव्हज घालू नकोस, हात मोकळे राहू देत' असं मायेने सांगणाऱ्या प्रत्येकीला मी हेच उत्तर दिलं.

खरं तर शस्त्रक्रियेत रबरी ग्लोव्हज आले, त्यामागेही एका बाईचे हातच होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटले होते. म्हणून विल्यम हॅल्स्टेड या सर्जनने १८८९-९०च्या सुमारास गुडइयर कंपनीकडून पातळ रबरी ग्लोव्हज करून घेतले. हात वाचवण्यासाठी आलेल्या वस्तूनेच हात जात असतील, तर वस्तू बदलायची. घालायची सवय का सोडायची?

आधी मी लेटेक्स वापरत होते. ते बंद करून नायट्राइल, म्हणजे कृत्रिम रबराचे घेतले. दोनेक आठवडे बरं वाटलं आणि पुरळ परत आलं. मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. तिथलं सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. ॲलर्जी कशाची ते शोधायला पॅच टेस्ट करतात: पाठीवर वेगवेगळ्या रसायनांचे पॅच लावतात, ४८ तासांनी काढतात, तेव्हा एकदा पाहतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही, म्हणून तेवढ्या दिवसांची सुट्टी आधीच मागून ठेवा. जाताना वापरातला एक ग्लोव्हही सोबत न्या, त्याचा तुकडासुद्धा पॅचमध्ये लावता येतो. माझ्या पाठीवर थायुराम मिक्स आणि कार्बा मिक्स (दोन्ही रबरात वापरल्या जाणाऱ्या रसायनांची मिश्रणं) हे दोन चौकोन लाल होऊन उठले.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. रबर लवचिक आणि टिकाऊ व्हावं म्हणून तयार करताना त्यात रबर पक्कं होण्याचा वेग वाढवणारी रसायनं घालतात. त्यांना ॲक्सिलरेटर म्हणतात. थायुराम, डायथायोकार्बामेट, मर्काप्टोबेन्झोथायझोल ही त्यांतली नावं. लेटेक्समध्ये ती असतात, तशीच नायट्राइलमध्येही असतात. लेटेक्समधल्या प्रथिनांची ॲलर्जी हा वेगळा प्रकार. त्यात काही मिनिटांत गांधी उठतात, डोळे चुरचुरतात, शिंका येतात, कधी श्वासही अडकतो. तसं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब डॉक्टर गाठा. ॲक्सिलरेटरची ॲलर्जी उशिरा येते, एक-दोन दिवसांनी. म्हणूनच ती कशाने झाली ते कळत नाही आणि साबणाला, वॅक्सला, हवेला दोष दिला जातो. डॉक्टर म्हणाले, 'ॲक्सिलरेटर नसलेले नायट्राइल मिळतात, ते घ्या. पण लेखी खात्री करून घ्या.'

ती लेखी खात्री मिळवताना मात्र माझा जीव मेटाकुटीला आला.

पुरवठादाराला फोन केला. 'मॅडम, आपला माल मेडिकल ग्रेड आहे.' बरं, पण त्यात काय आहे? 'लेटेक्स अजिबात नाही.' ते मलाही वाचता येतं, ॲक्सिलरेटर आहेत का? 'हायपोॲलर्जेनिक आहे, मॅडम.' या शब्दाने मला सगळ्यात जास्त छळलं. हायपोॲलर्जेनिक म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी, असा दावा. आत कोणतं रसायन आहे किंवा नाही, हे त्यातून कळत नाही. पावडर फ्रीचंही तसंच. पावडर नसणं चांगलंच, कारण लेटेक्सची प्रथिनं त्या पावडरीबरोबर हवेत पसरतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने जानेवारी २०१७ पासून पावडरच्या वैद्यकीय ग्लोव्हजवर बंदी घातली ती याच आणि अशाच कारणांनी. पण माझ्या दोन लाल चौकोनांशी पावडरीचा काही संबंध नव्हता.

मग सांगण्यात आलं, फॉर्म भरा. फॉर्ममध्ये तक्रारीचे प्रकार होते: माल फाटका, नग कमी, साइज चुकीचा, उशिरा पोचला. ॲलर्जीला रकानाच नव्हता. 'इतर' निवडून सगळं सविस्तर लिहिलं, पॅच टेस्टचा कागद जोडला. उत्तर म्हणून काय आलं? त्याच ग्लोव्हजचं नवं खोकं आणि 'तक्रार निवारण झाले' असा संदेश! पुन्हा फोन. पुन्हा पहिल्यापासून सगळी कहाणी, कारण दर वेळी फोनवर नवा माणूस. एकाने चकचकीत माहितीपत्रक पाठवलं. दुसऱ्याने एक्यूएलचं प्रमाणपत्र पाठवलं. हा आकडा ग्लोव्हजना बारीक भोकं किती प्रमाणात चालवून घेतली जातात ते सांगतो, जितका लहान तितका चांगला. उपयोगाची माहिती आहे, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. तिसऱ्याने सांगितलं, ग्लोव्हजची सेफ्टी डेटा शीट नसते. बरोबर आहे, ती मुख्यतः रसायनांसाठी असते. पण मग काय असतं ते सांगायला नको? मागायची असते ती टेक्निकल डेटा शीट, म्हणजे मालाच्या तांत्रिक तपशिलाचा कागद. मला हे माझं मीच शोधून काढावं लागलं.

मधल्या काळात आमच्या पार्लरच्या मॅडमनी मला वॅक्सिंगवरून काढून काउंटरवर बसवायची तयारी केली होती. त्या वाईट नाहीत, काळजीनेच म्हणत होत्या. पण माझं काम माझ्या हातात आहे आणि एका कागदापायी ते सोडून अपॉइंटमेंट लिहीत बसायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी तोवर व्हिनाइल वापरले. व्हिनाइल रबर नसून प्लास्टिक असल्याने त्यात हे ॲक्सिलरेटर सहसा नसतात. पण ते सैल बसतात, बोटांच्या टोकाशी जास्तीचा भाग वॅक्सला चिकटतो आणि ओढाताणीत लवकर फाटतात. मी नेहमीपेक्षा एक साइज लहान घेत होते आणि फुल लेग्जसारख्या लांब कामात मध्येच बदलत होते. तात्पुरतं ठीक, कायमचं नाही.

सुटका झाली ती खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या उत्पादकाच्या पत्त्यामुळे. विक्रेत्याला बाजूला ठेवून मी थेट कारखान्याच्या गुणवत्ता विभागाला ईमेल केला. सुरुवातीला नमस्कार-चमत्कार नाहीत, आजाराची गोष्ट नाही. मॉडेल नंबर, लॉट नंबर आणि एकच प्रश्न: 'या ग्लोव्हजच्या उत्पादनात थायुराम, डायथायोकार्बामेट किंवा मर्काप्टोबेन्झोथायझोल वापरलं आहे का? प्रत्येकाचं हो किंवा नाही असं लेखी कळवावं.' उत्तर लगेच आलं. वापरातल्या मॉडेलमध्ये डायथायोकार्बामेट होतं. त्यांच्याच दुसऱ्या एका मॉडेलमध्ये तिन्ही नव्हती, आणि ते आमच्या पुरवठादाराच्या यादीत पहिल्यापासून होतं! तो दिवस मला आनंदाचा होता आणि संतापाचाही. फोनवरच्या एकाने जरी यादी उघडून पाहिली असती, तर माझ्या हातांचे ते आठवडे वाचले असते.

नवे ग्लोव्हज घातल्यावर पुरळ हळूहळू ओसरलं. बिनवासाचं मलम रात्री लावत राहिले. आता मनगट स्वच्छ आहे आणि मी पुन्हा दिवसभर वॅक्सिंग करते, याचा मला मनापासून अभिमान आहे.

जे आठवतंय ते सांगून टाकते. हात ओले असताना किंवा सॅनिटायझर सुकायच्या आत ग्लोव्ह चढवू नका. आत कोंडलेली ओल पुरळ वाढवते. वॅक्सनंतरचं तेल लावायचं असेल तर लेटेक्स नकोच, तेलाने लेटेक्स कमकुवत होतं, नायट्राइल टिकतं. ग्लोव्ह धुऊन किंवा सॅनिटायझर चोळून पुन्हा वापरायचा नाही. प्रत्येक क्लायंटला नवी जोडी, आणि बिकिनी वॅक्सनंतर त्याच क्लायंटच्या अपर लिपला हात लावण्याआधीही नवी जोडी. मध्येच मोबाइल किंवा हीटरचं बटण धरलं तरी बदला. काढताना मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा सोलायचा, दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळा करायचा, मग मोकळं बोट दुसऱ्या ग्लोव्हच्या आत सरकवून तोही उलटा काढायचा. त्यानंतर हात धुवायचेच, कारण न दिसणारी भोकं असतात. स्पॅच्युला एकदा अंगाला लागला की परत वॅक्समध्ये बुडवायचा नाही, नाहीतर हातातल्या ग्लोव्हजने काहीच साधत नाही. जेल नेल्स करणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी: त्यातली ॲक्रिलेट रसायनं पातळ नायट्राइलमधूनही काही मिनिटांत आरपार जातात, जेल ग्लोव्हवर सांडलं की तो लगेच बदला.

पुरवठादाराने मॉडेल बदललं की मी तोच प्रश्न पुन्हा लेखी विचारते, कंपनी तीच असली तरी. आणि लेटेक्स वापरणाऱ्यांनी काम सुरू करण्याआधी क्लायंटला विचारावं, 'ताई, रबराची किंवा फुग्याची ॲलर्जी आहे का?' ग्लोव्ह आपल्या हातात असला तरी लागतो तिच्याही अंगाला.