सारुमानबद्दल त्याने विचारलंच नाही

भाच्याने काल ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग, ‘रिटर्न ऑफ द किंग’ पाहिला. कूलरसमोर पाय पसरून, थिएटरवाली 201 मिनिटांची आवृत्ती, एका बैठकीत. आणि दुष्ट जादूगार सारुमानचं पुढे काय झालं म्हणून चकार शब्द काढला नाही. त्याने विचारलं नाही, तर मला का सलावं?

सात मिनिटांचा प्रवेश होता तो. मनोऱ्याच्या माथ्यावर सारुमान, खाली चांगल्या बाजूचा जादूगार गँडाल्फ आणि मंडळी, पाठीत त्याच्याच चाकराचा, वर्मटंगचा सुरा, मग ते कोसळणं. 2003 मध्ये सिनेमा लागला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. सारुमान झालेले ख्रिस्तोफर ली दुखावले. दुखावणारच! दोन भाग ज्याने खलनायकी ओढली, त्याला मरायलाही जागा दिली नाही. पुढच्या वर्षी लांब आवृत्तीत तो प्रवेश आला म्हणा. पण थिएटरातलं ते थिएटरातलं.

कापण्याचं कारण पटतं, हेच जास्त खुपतं. प्रवेश मुळात दुसऱ्या भागाच्या शेवटासाठी होता. तिथे मोठ्या लढाईनंतर लांबण लागली, म्हणून तिसऱ्याच्या सुरुवातीला सरकवला. आता तिसरा सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्याचं तेरावं! प्रेक्षकाने एकदा ‘सुटलो’ म्हटलं की त्याला पुन्हा ताणायला वेळ लागतो, आणि प्रवेश जितका जोरकस तितकं ते ‘सुटलो’ मोठं. जरा फिका असता तर कदाचित वाचला असता.

कापल्यावर उरलं काय? त्याच्यात आता जोर राहिला नाही, मनोऱ्यातच पडू दे, एवढ्यावर गँडाल्फ विषय मिटवतो. आणि मंडळींतल्या पिपिनला पाण्यात दूरचं दाखवणारा काळा जादूई गोळा, पालान्टीर, सापडतो. लांब आवृत्तीत तो सारुमानच्या बाहीतून पडताना दिसतो. इथे नुसताच पाण्यात. कसा आला? कोणी विचारत नाही, कारण पिपिन तो उचलतो न उचलतो तोच गँडाल्फ मागून घेतो. पुढची धास्ती लावून दिली की मागचा हिशेब राहून जातो.

चित्राचं सोपं असतं. सेकंदाला 24 फ्रेम, हवी त्या फ्रेमवर कापा. आवाज तसा कापला तर खटका बसतो. आधीच्या शॉटमधलं वारं, पाणी पुढच्या शॉटखाली थोडं ओढावं लागतं. संगीताची ओळ अर्ध्यात तुटत असेल तर तालावर जोडायची, नाहीतर एखाद्या मोठ्या आवाजाआड लपवायची. उलट्या बाजूनेही तेच: जुनं संगीत ताणून वाढीव मिनिटं भरत नाहीत, म्हणून लांब आवृत्त्यांसाठी हॉवर्ड शोअर यांनी नवं संगीत केलं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कोणाला काही कळू नये म्हणून. संकलकाचं नशीबच फुटकं. त्यापेक्षा आपली झाडीपट्टी बरी. वडसा-गडचिरोलीकडे नाटक रात्री उघडतं ते पहाटेपर्यंत, खलनायकाला ऐसपैस मरता येतं. बारा-तीन-सहा-नऊच्या खेळांत ते कुठून बसणार!

पण दुसरा भाग पाहताना पोट्ट्याने विचारलंच होतं की. “मामा, हा फारामीर असा काहून वागते?”

बरोबर तिथेच अडकला. कादंबरीतला फारामीर हा सरदार सत्तेची भूल घालणाऱ्या अंगठीला भुलत नाही. सिनेमात शेलॉब कोळिणीचा प्रसंग तिसऱ्या भागात गेला, मग दुसऱ्याच्या शेवटी, ती अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोच्या वाटेत अडसर हवा, म्हणून फारामीर त्याला पडक्या ओस्गिलियथ शहरात ओढत नेतो. माणूस एवढा बदलला तर कारण दाखवावं लागतं. तेही चित्रित झालं होतं: फारामीर आणि त्याचा भाऊ जिंकून हसताहेत, बाप येतो, थोरल्याला मिठी मारतो आणि धाकट्या फारामीरला टोचून बोलतो. थिएटरच्या आवृत्तीतून हे गेलं. आठवणीचा प्रवेश उचलायला सगळ्यात सोपा. ज्या चेहऱ्यावरून आत शिरायचं त्याच चेहऱ्यावर परत यायचं. दोन टोकं जोडली की शिवण दिसत नाही. मात्र ठिगळ न दिसता माणूस वाकडा दिसू लागतो, आणि प्रेक्षक कात्रीला नाही, फारामीरला दोष देतो.

म्हणजे पोराने विचारायचं तिथे विचारलं आणि नाही तिथे नाही. ली यांचा प्रवेश गेला तो ठीकच गेला. चरफडत म्हणतोय, पण म्हणतोय.

आता त्याला लांब आवृत्ती दाखवायची, चार तासांच्या वर. त्यात काळ्या दरवाज्यातून मुख्य खलनायक सॉरॉनचा दूत येतो, फ्रोडोचा चांदीसारखा अंगरखा फेकतो, आणि राजा होणारा अ‍ॅरागॉर्न बोलणी चालू असताना त्याचं मुंडकं उडवतो. कादंबरीत त्या क्षणी फ्रोडो जगला की मेला हे वाचणाऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो अंगरखा काळजाला लागतो. सिनेमात फ्रोडोला त्याचा सोबती सॅमबरोबर चालताना आपण आधीच पाहिलेलं. वर राजा दूताला मारतो! हा कापला होता तेच चांगलं होतं. मी असतो तर लांब आवृत्तीतही घेतला नसता.