खंड्याचा पोपट

रविवार, दुपार. पाऊस.

कालचं अजून डोक्यातून जात नाहीये. खरं तर घडलं काहीच नाही. कात्याने बाटली फिरवून मागचं लेबल मोठ्याने वाचलं आणि सगळे हसले. मीही हसलो. मृणाल म्हणते, जरा जास्तच हसलास, तेव्हाच मला कळलं की तुला लागलंय.

लागण्यासारखं काय होतं पण त्यात?

आन्द्रेआसच्या बाल्कनीतला बियरचा कार्यक्रम. प्रत्येकाने आपापल्या गावची आणायची, असं ठरलं होतं. पेत्र पिल्झनरचं खोकं घेऊन आला. आन्द्रेआस ब्रेमेनचा, त्यामुळे बेक्स. कात्या इथलीच, स्टुटगार्टची, तिने डिंकेलआकर आणली. माझ्याकडे बघून आन्द्रेआस आधीच म्हणाला होता, "तुला नाही जमलं तर वाइन आण, काही हरकत नाही." तिथे माझं डोकं फिरलं. का नाही जमणार?

तर मी शोधायला निघालो. स्टुटगार्टात बियर शोधावी लागली असं सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. इथल्या पेयांच्या दुकानात क्रेटवर क्रेट रचलेले असतात, पार छतापर्यंत, वीस-वीस बाटल्यांचे. त्या भिंतीच्या एका टोकाला 'परदेशी' म्हणून एक फळी, त्यावर कोरोना वगैरे मंडळी अंग चोरून उभी. भारतातलं काही आहे का विचारलं तर त्या पोराने दोनदा विचारलं, "चहा?"

शेवटी अण्णांकडे गेलो. कढीपत्ता, नारळ, मुरमुरे, सगळं जिथून आणतो तिथेच. अण्णा जाफन्याचे. फ्रीजमधून त्यांनी किंगफिशरही काढली आणि शेजारी लायनही ठेवली. "तंबी, लायन घे. ही खरी लंकेतून येते, जहाजातून. स्टाउट 8.8 टक्के आहे." मी म्हटलं, अण्णा, माझं गाव लंका नाही. ते म्हणाले, "मग काय? बियर चांगली आहे." मी किंगफिशरच घेतली. बाटलीमागे 25 सेंट डिपॉझिट. अण्णांनी बजावलं की सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकू नकोस, मशीन ओळखत नाही, माझ्याकडेच परत आण.

'खरी लंकेतून येते' यातल्या 'खरी'कडे तेव्हा माझं लक्षच गेलं नाही. मी लेबलवरच्या त्या पक्ष्याकडे, खंड्याकडे, बघत होतो. निळा, लांब चोचीचा. किती वर्षांनी हातात आली बाटली. अर्थात छोटी, 330 मिलीची. आपल्याकडची 650 ची बाटली धरली की काहीतरी धरल्यासारखं वाटतं. ही म्हणजे खोकल्याचं औषध.

आणि गंमत म्हणजे पुण्यात असताना मी किंगफिशरला शिव्याच घालायचो. परमिट रूममध्ये दुसरं काही थंड नसलं तरच. सुन्या तर म्हणायचा, ही बियर नाही, बियरची अफवा आहे.

मग काल तिथे मी जे काही केलं ते का केलं?

बाटल्या टेबलावर आल्या. पेत्रने उघडली, प्यायला लागला. आन्द्रेआसने उघडली, प्यायला लागला. माझी पाळी आल्यावर मी सुरू झालो. भारतात बियर कशी मिळते, बियर शॉपीच्या जाळीतून हात घालून, मग ती काळ्या पिशवीत कशी घालतात. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली, एक दिवसाचाही मिळतो, हे ऐकून कात्याचे डोळे विस्फारले. मला चेव चढला. मी पाण्याचा ग्लास मागवला.

मामाची ती करामत. झाकण उडवायचं, तोंडावर अंगठा दाबून बाटली उलटी करायची, मान ग्लासातल्या पाण्यात बुडवायची आणि अंगठा अलगद काढायचा. बाटलीच्या तोंडातून एक तेलकट, नागमोडी धार सावकाश तळाशी उतरत जाते. नीट बघितलं तरच दिसते, तापलेल्या रस्त्यावर हवा हलते तशी. मामा म्हणायचा, "बघ, ग्लिसरीन. हे गेलं की सकाळी डोकं धरत नाही." सांगलीच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला, आजीला दिसू नये म्हणून. आजीला सगळं माहीत होतं.

काल धार अगदी झकास उतरली. सगळे वाकून बघत होते. पेत्रने व्हिडिओ काढला. मी म्हटलं, आमच्याकडे निम्म्या कॉलेजांनी असंच करून बियर प्यायली आहे. आन्द्रेआस म्हणाला, थांब. त्याने कात्याची डिंकेलआकर उचलली. तिच्या लेबलवर 1516 सालच्या शुद्धतेच्या नियमाचा हवाला ठळक छापलेला. सातू, हॉप्स, पाणी, बाकी काही नाही. (यीस्टचा त्या मूळ नियमात उल्लेखच नाही, हे मी मनात म्हटलं.) अंगठा, उलटी बाटली, पाणी. तीच धार. तसूभर फरक नाही.

कात्या म्हणाली, "अरे, बियर पाण्यापेक्षा जड असते ना थोडी. ती खाली येते, पाणी वर जातं. तुमच्या निम्म्या कॉलेजांनी पाणी घातलेली बियर प्यायली." आणि मग, माझ्या बाटलीत आणखी काय काय असतं ते बघायला तिने ती फिरवली, चष्मा कपाळावर सरकवला, आणि वाचलं. ब्रिटनमध्ये तयार केलेली.

हशा.

"म्हणजे तू इंग्लंडची बियर आणलीस!" आन्द्रेआस. त्याचा स्वभावच तसा, तो बसच्या तिकिटावरही हसतो. त्याच्यावर राग नाही. कात्यावरही नाही, ती सगळ्याच वस्तूंची लेबलं वाचते. मग कुणावर?

फसवणूक म्हणावी तर तीही नाही. अण्णांनी काहीच लपवलं नव्हतं, उलट आडून सांगितलंच होतं. बाटलीवर तर छापलेलंच आहे. इंग्लंडातली किंगफिशर आधी केंटमधल्या फॅवरशॅमला शेफर्ड नीम बनवायचे, नंतर ते काम हायनेकेन या डच कंपनीकडे गेलं. यात चोरी कुठे आहे? कोब्राचं तर त्याहून भारी. हैदराबादच्या करण बिलिमोरियांनी काढली, सुरुवातीला बंगळुरूहून जहाजाने इंग्लंडला जायची, 1997 पासून ती इंग्लंडातच बनायला लागली, आता बर्टन अपॉन ट्रेंटला बनते. बर्टन म्हणजे तेच, जिथून एकोणिसाव्या शतकात साहेब लोकांसाठी पिंपंच्या पिंपं पेल एल नावाची बियर आपल्याकडे यायची. हे सगळं मला काल रात्री दोन वाजता कळलं. झोप नव्हती, फोन होता.

दोन वाजता आणखीही एक रत्न सापडलं. बेक्स! आन्द्रेआसची ब्रेमेनची बेक्स! अमेरिकेतली 2012 मध्ये सेंट लुईसला बनायला लागली. लोक कोर्टात गेले, आम्हाला जर्मन म्हणून विकली म्हणून, आणि 2015 मध्ये कंपनीला तडजोड करून पैसे परत द्यावे लागले. मी अंथरुणात उठून बसलो. लिंक कॉपी केली. ग्रुप उघडला.

मृणाल कूस न बदलताच म्हणाली, "रात्री दोन वाजता त्या बिचाऱ्याला सेंट लुईस पाठवू नकोस."

नाही पाठवलं. पण तेव्हापासून ते घशात अडकलंय. आणि सकाळी चहा घेताना लक्षात आलं की पाठवलं असतं तरी आन्द्रेआसला काही झालं नसतं. तो म्हणाला असता, "असं? बरं." पेत्रचं तसंच. पिल्झनर उर्केल 2017 पासून जपान्यांच्या असाही कंपनीची आहे, हे त्यानेच सांगितलं मला गाडीत. मी विचारलं, वाईट नाही वाटत? तो म्हणाला, का? बनते तर पिल्झनलाच.

त्यांच्यापैकी एकालाही बाटलीबरोबर भाषण आणावं लागलं नाही. मलाच का आणावं लागलं? कुणी मागितलं होतं? आन्द्रेआसने तर वाइन आण म्हणून मोकळंही केलं होतं. इथे आल्यापासून हे लागलंय मला. आंबा म्हणू नका, क्रिकेट म्हणू नका, गणपती म्हणू नका, कुणी नुसतं नाव काढलं की मी वकिलाचा कोट चढवून उभा. पुण्यात ज्याच्या वाटेला गेलो नाही त्याचं वकीलपत्र इथे घेऊन बसलोय. फी नाही, अशील बेभरवशाचा. काल तर अशीलच ब्रिटिश निघाला.

आणि त्यात मी मामाला ओढलं, हे... जाऊ दे. त्यांना ग्लिसरीनपर्यंतच सांगितलं. पुढचं कशाला सांगू.

सकाळी सुन्याला सगळं लिहिलं. वाटलं, तो तरी माझ्या बाजूने बोलेल. त्याचं उत्तर: "खंड्या घेऊन गेलास आणि पोपट करून घेतलास." मागोमाग हसून लोळणारे चेहरे, रांगच्या रांग. मग म्हणतो, किंगफिशर कोण पितं आता, इकडे बाणेरला या, बेल्जियन विट पाजतो, संत्र्याच्या सालीची. मी म्हटलं, बेल्जियन? बाणेरला? तो म्हणाला, "हो मग, आपली आहे."

त्यावर मला एकदम आठवलं. 2015 मध्ये बिरा आली तेव्हा आम्ही काय उड्या मारल्या होत्या, शेवटी आपलीही एक झकास बियर आली म्हणून. ती तेव्हा बेल्जियममध्ये बनून येत होती! आणि त्याआधी, 2009 मध्ये, पुण्यात दूलाली हा स्वतःची बियर बनवणारा पब निघाला तेव्हा तिथे बियर बनवणारा गडी जर्मन होता. म्हणजे मी पुण्यात बसून जर्मन माणसाच्या हातची बियर 'आपली' म्हणून पीत होतो, आणि इथे जर्मन माणसांना इंग्लंडची बियर 'आपली' म्हणून पाजली. हे लिहिताना हसू आलं, कालच्यासारखं नाही, खरंखुरं. आणि ज्या युनायटेड ब्रुअरीजची ही किंगफिशर, तिची सूत्रं तरी 2021 पासून कुणाकडे? हायनेकेनकडेच. म्हणजे बंगळुरूहून आणली असती तरी आन्द्रेआसला हसायला जागा होतीच.

एक समाधान आहे. या बाल्कनीत हे सगळं 1987 च्या आधी घडलंच नसतं. तोपर्यंत मका, तांदूळ वगैरे घातलेल्या परदेशी बियरला जर्मनीत 'बियर' म्हणून विकताच येत नव्हतं. युरोपच्या कोर्टाने जर्मनीला भाग पाडलं तेव्हा कुठे दार उघडलं. म्हणजे यांच्याही नियमाचं वकीलपत्र कुणीतरी घेतलं होतं, आणि तो वकील हरला. कोण असेल बिचारा. घरी गेल्यावर बायकोने काय म्हटलं असेल त्याला.

चव? सांगायची राहिलीच. तीच. अगदी तीच. थंडगार, पातळ, जिभेवरून जाते आणि काही मागे ठेवत नाही. मला कळलाच नसता फरक. हे मी काल बोललो नाही कुणाला.

रिकाम्या बाटल्या ओट्यावर आहेत. आज रविवार, काच टाकायची बंदी, शेजारची आजी खिडकीतून बघते. तशाही त्या उद्या अण्णांकडेच जायच्यात, 25 सेंटाप्रमाणे. अण्णा विचारणार, कशी झाली पार्टी. लायन न नेल्याचं ऐकवणार.

मघाशी कात्याचा मेसेज आला. मला वाटलं, पुन्हा लेबल. पण तिला मृणालच्या भडंगाची कृती हवी होती. काल वाडगं तिनेच संपवलं, आन्द्रेआसला शेवटी नुसता लसूण उरला होता. मृणालने तिथे छातीठोक सांगितलं होतं, हे सांगलीचं. शेंगदाणे कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमधले, मुरमुरे अण्णांकडचे, लसूण तो बहुतेक स्पेनचा. कुणी पाकीट फिरवून वाचलं नाही.

आता ती समोर बसून कृती टाइप करतेय. "मुरमुऱ्यांना जर्मनमध्ये काय म्हणू?" मी म्हटलं, फोटो पाठव. ती पाकीट आणायला उठली, मग थबकली, आणि फक्त वाडग्याचा फोटो काढला.