चेक भाषा धड येत नाही, मग तिथे जाऊन ऐकतेस काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. म्हणजे एकानेच नाही, मावशीपासून शाळेच्या ग्रुपपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. दरवर्षी मी त्या संध्याकाळचे फोटो टाकते आणि दरवर्षी हाच प्रश्न येतो की पुस्तक हंगेरियन, वाचन चेकमध्ये, तू मराठी, यात तुझं काय काम?

आधी थोडक्यात, हे आहे काय. 'नोत्स लितेरातुरी', म्हणजे साहित्याची रात्र. 2006 साली चेक सेंटरवाल्यांनी प्रागमध्ये सुरू केली, आता इतर शहरांतही होते. युरोपातल्या हल्लीच्या पुस्तकांचे चेक अनुवाद नट-नट्या मोठ्याने वाचतात, तेही हॉलबिलमध्ये नाही, कुठे वर्कशॉप, कुठे एरवी बंद असलेली एखादी इमारत. संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत दर अर्ध्या तासाने तोच उतारा परत, त्यामुळे हातात नकाशा घेऊन आपण या जागेतून त्या जागेत चालत राहायचं. तिकीट नाही. गणपती बघायला निघाल्यासारखं वाटतं, फक्त ढोल नाहीत.

माझं चेक भाजीबाजारापुरतं आहे, हे कबूल. पण तिथे गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत मूळ भाषा बहुतेक कुणालाच येत नसते, चेक लोकांनाही नाही. एरवी ऑफिसात, डॉक्टरकडे, सगळीकडे मीच बाहेरची. इथे सगळेच पाहुणे, मी जरा मागच्या रांगेतली एवढंच.

आणि चेक ऐकताना मराठीच फार आठवते. त्यांच्याकडे सात विभक्त्या, तू आणि तुम्ही वेगळं, आणि भूतकाळात 'मी' बाई की पुरुष हे क्रियापदच सांगून टाकतं. पुरुष म्हणतो 'शेल सेम', बाई म्हणते 'श्ला सेम'. आपलं गेलो-गेले, अगदी तेच. हंगेरियनमध्ये मात्र नुसतं 'मेन्तेम', कोण गेलं ते कळतच नाही, तो आणि ती यांनाही एकच शब्द.

तर एका वर्षी सुतारकामाच्या वर्कशॉपात बसले होते, पॉलिशचा वास, बसायला फळ्या. हंगेरियन कादंबरीतला उतारा, पुस्तकाचं नाव राहू दे. नटी वाचत होती, मला अर्धंमुर्धं कळत होतं, घर, पत्र, बर्फ, आणि मध्येच आलं 'श्ला सेम' आणि शेजारचे आजोबा फळीवर सावरून बसले. अरे, ही बाई आहे! मलाही त्याच क्षणी कळलं. त्या एका शब्दापुरती मी आणि ते आजोबा बरोबरीत होतो.

अनुवादिका तिथेच होती. मोडक्या चेकमध्ये विचारलं, तोपर्यंत लपवलंत कसं? ती म्हणाली, वर्तमानकाळात लिहिलं. चेकमध्ये 'मी जाते' आणि 'मी जातो' दोन्हीला 'यदू', प्रश्नच मिटला. मूळ लेखकाने चार पानं झाकून ठेवलेली गोष्ट मी पहिल्याच ओळीत कशी फोडू, म्हणाली.

(इथे प्रागमध्ये योसेफ युंगमान या अनुवादकाच्या नावाचा चौक आहे, तिथे त्याचा पुतळाही आहे. त्याने चेक-जर्मन कोशही केला, आपल्या मोल्सवर्थच्याच काळात. 1992 पासून त्याच्या नावाने अनुवादाचं बक्षीसही देतात. आपल्याकडे मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव शोधायला चष्मा लागतो.)

येताना बावीस नंबरच्या ट्रॅममध्ये मी तोच उतारा मनातल्या मनात मराठीत करून बघत होते. वर्तमानकाळ बाद, कारण आपलं जातो-जाते तिथेही चुगली करतं. मग सुचलं, 'मी दार उघडलं', 'मी पत्र वाचलं', 'मी दिवा लावला' असं लिहिलं की पुरुष का बाई काही कळत नाही, क्रियापद दाराच्या आणि पत्राच्या मागे जातं. भारी! चार-पाच वाक्यं मस्त झाली. चहा 'घेतला' चालतो, 'प्यायले' लिहिलं की सापडले. कोट चढवला, घराला कुलूप लावलं, आणि मग जिना. उतरलो का उतरले?

माझा स्टॉप आला तरी ती बाई कुलूप लावून जिन्यावर उभीच होती.