रायडिंग मोअरचा सेल्फ अडखळतोय? टॅपेट बघा

माझ्या रायडिंग मोअरची (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) चावी फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेऊन अडायचं, मग कसंबसं पुढे सरकायचं. अशा वेळी थेट नवी बॅटरी किंवा सेल्फ आणू नये. मी आधी मीटर लावला.

इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली नाही. मग अर्थिंग बघितलं: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टच्या आसपास यायला हवं, आले ०.७. अर्थच्या वायरच्या चासीवरच्या बोल्टखाली गंज होता. घासून आवळल्यावर फरक पडला, पण अडखळणं राहिलंच.

खरा उलगडा प्लग काढल्यावर झाला. प्लगची वायर बाजूला ठेवून, तोंड भोकापासून लांब धरून सेल्फ मारा. भोकातून पेट्रोल उडालं तर कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळतेय. मग ऑइलमध्येही पेट्रोल उतरलेलं असू शकतं, ते बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका. माझ्याकडे सिलिंडर कोरडा होता आणि इंजिन सर्रकन फिरलं. म्हणजे अडत होतं ते कम्प्रेशनला, सिलिंडरमधल्या दाबाला.

बऱ्याच सिंगल सिलिंडर ओएचव्ही (व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असलेल्या) इंजिनांत कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, एक बारीक उंचवटा असतो. स्टार्ट होताना तो व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब सोडतो. टॅपेटचा गॅप, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा हात) आणि व्हॉल्व्हमधली फट, वाढला की हा उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही आणि सगळा दाब सेल्फवर येतो.

गॅप थंड इंजिनवरच मोजायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, रॉकर कव्हर उघडा. फ्लायव्हील हाताने फिरवून पिस्टन कम्प्रेशनच्या टोकाला आणा, दोन्ही रॉकर सैल लागतील. तिथून पिस्टन आणखी ६ मिमी खाली न्या, नाहीतर उंचवट्यामुळे माप चुकतं. बऱ्याच इंजिनांत इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.१५ मिमी असतो, पण आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघाच. माझ्या इनटेकमध्ये ०.२५ ची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) सहज सरकत होती. पट्टी किंचित घासत निघेल एवढा गॅप ठेवा. लॉकनट आवळताना तो हलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. मग दोन पूर्ण फेरे देऊन परत एकदा. कव्हरचं गॅस्केट फाटलं असेल तर नवं टाका.

यानंतर सेल्फ न अडता फिरला. गॅप बरोबर असूनही अडत असेल तर कॅमचा तो उंचवटा झिजलाय किंवा तुटलाय, आणि इंजिन उघडावंच लागतं. गॅप लगेच पुन्हा वाढला तर रॉकरचा स्टड सैल आहे का, पुशरॉड (रॉकर ढकलणारी सळई) वाकलाय का, ते बघा.