दुसऱ्याच्या बागेत एक दुपार

आज इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधल्या एका खेड्यात एका घराची खासगी बाग बघून आले. एरवी हे फाटक बंद असतं. वर्षातून एखाददुसरा दिवस मालक ते सगळ्यांसाठी उघडतात, 'नॅशनल गार्डन स्कीम'साठी. जमलेले पैसे नर्सिंग आणि आरोग्यसेवेच्या संस्थांना जातात. १९२७ साली हे सुरू झालं तेव्हा ६०९ बागा उघडल्या होत्या, माणशी एक शिलिंग घेऊन. पैसे घरोघर जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या नर्सेससाठी. मला ही कल्पनाच फार आवडते. आपल्या अंगणाचं फाटक उघडायचं, बस्स!

आणि बाग? जूनचं ऊन, मधाच्या रंगाची दगडी भिंत, तिच्यावर चढलेला गुलाब. वाफ्यात मागे उंच फॉक्सग्लोव्ह, मध्ये डेल्फिनियमचे निळे तुरे, पुढे पायवाटेवर सांडलेलं जिरेनियम. सगळं आपोआप उगवल्यासारखं दिसतं, पण तसं दिसण्यामागे वर्षभराची मेहनत असते. मी गुलाबाबद्दल विचारलं, तर सत्तरीच्या मालकीणबाई थेट भिंतीपाशीच घेऊन गेल्या. हिवाळ्यात लांब फांद्या आडव्या वाकवून तारेला बांधायच्या, म्हणजे शेंड्यालाच नाही, तर फांदीभर कोंब फुटतात आणि भिंत फुलांनी भरते. किती आपलेपणानं सांगत होत्या!

चहा आणि घरचा केक होताच. निघताना त्यांनी स्वतः वाढवलेलं जिरेनियमचं एक रोप विकत घेतलं. पुढच्या रविवारी शेजारच्या गावातली एक बाग उघडतेय, आईलाही घेऊन जाणार आहे. कुणी येणार का सोबत?