साडेअठरा रुपये

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "जे लिहीन ते छापाल ना?" समितीने हो म्हटलं, म्हणून लिहितो आहे.

साल 1979-80. नववीत आपल्या वर्गाची संचयिका, म्हणजे मुलांची शाळेतली बचत बँक, माझ्याकडे होती. शनिवारी मुलं दहा पैसे, चार आणे आणून द्यायची. मी वहीत आणि ज्याच्या त्याच्या पासबुकात मांडायचो, बाई सही करायच्या. हे काम मला मिळालं ते मी चर्चच्या पाळकसाहेबांचा मुलगा म्हणून. सकाळच्या प्रार्थनेला बायबलमधला शास्त्रपाठ मीच वाचायचो.

मागच्या बाकावरच्या एका मुलाची आई खुरपणीला जायची. तो कधी आठ आणे आणायचा, कधी रुपया. नाणी रुमालाच्या कोपऱ्यात बांधलेली असायची, आणि गाठ इतकी घट्ट की ती त्याला दातांनी सोडवावी लागे. "पासबुक राहू दे माझ्याकडे, एकदम भरून देतो," असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. पैसे मात्र मी खर्च करत गेलो. सिनेमा, भेळ, भाड्याची सायकल. मार्चमध्ये हिशेब झाला तेव्हा तो म्हणाला, "माझे साडेअठरा रुपये आहेत." मी म्हणालो, "याने जूनपासून एक पैसा भरलेला नाही."

बाईंनी वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला तासभर बाकावर उभं केलं. खोटारडा हे नाव त्याला दहावीपर्यंत चिकटलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला त्या नावाने हाक मारली आहे. मीसुद्धा.

पुढे चाळीसहून जास्त वर्षं मी देवाजवळ क्षमा मागत राहिलो. प्रत्येक लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आणि प्रत्येक प्रभुभोजनाआधी, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीआधी. बायबलमधलं पश्चात्तापाचं 51वं स्तोत्र तोंडपाठ होतं. "तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केले आहे" या ओळीचा मी आडोसा केला. प्रकरण देवाचं आणि माझं, मधे तिसरा कुणी नाही. वधस्तंभावर ख्रिस्ताने माझी फेड केली यावर माझा विश्वास आहे, त्यात तसूभर फरक पडलेला नाही. पण त्या फेडीच्या नावावर मी एका माणसाची उधारी बुडवत होतो.

गेल्या लेंटमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी मत्तयाचा पाचवा अध्याय वाचला गेला. दान वेदीपुढे तसंच ठेव, आधी भावाशी समेट कर. हे वचन मी स्वतः शाळेत कितीदा वाचलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की तिथे भावाच्या मनात काय आहे ते विचारलंय, माझ्या मनात काय आहे ते नाही. भाकरीचं ताट आलं, ते मी तसंच पुढे दिलं. रात्री बायकोला सगळं सांगितलं.

तालुक्याच्या गावी त्याचं सायकलचं दुकान आहे. बायबलमधलं लेवीय हे पुस्तक म्हणतं, घेतलेलं एक पंचमांश भर घालून परत कर. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला होता. मी पाकिटात दहा हजार घालून नेले. मी बोलत होतो तेव्हा तो ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. मान वर केली नाही. मग म्हणाला, "आईने मारलं होतं त्या दिवशी. मरेपर्यंत म्हणायची, खाल्लेस ना रे माझे पैसे?"

त्या माउलीची क्षमा मागायची राहिली. प्रार्थनेला बसलो की आजही मी तिथेच अडतो.

त्याने हात पुसले, पाकिटातून वीसची एक नोट काढली, आणि दीड रुपया परत द्यायला गल्ला चाचपला. रुपया सापडला, तो माझ्या हातावर ठेवला. पाकीट माझ्याकडे सरकवलं.

मी विचारलं, "माफ करशील?"

"वर्गात बोलला होतास ना? मग वर्गालाच सांग."

त्याचं नाव छापू नका, असंही तो म्हणाला. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

तर 1981 सालच्या दहावीच्या माझ्या सोबत्यांनो, आणि बाई, हा अंक तुमच्याकडेही येईल, त्याने पैसे भरले होते. दर शनिवारी, रुमालाची गाठ दातांनी सोडवून. ते मी घेतले, आणि तुमच्यासमोर खोटं बोललो.