आत्याचं व्याज

गौरी-गणपतीनंतरचे आठ दिवस म्हणजे आम्हा दस्तलेखकांची सुगी. चाकरमानी गावात असतात, वारस एकत्र सापडतात, आणि वर्षभर लोंबकळलेले सातबारे या आठ दिवसांत हलतात. गेल्या वर्षी त्यातल्याच एका पावसाळी सकाळी देवगडकडच्या कलमबागेचं नि घराचं हक्कसोडपत्र माझ्या टेबलावर होतं. सोडणारी आत्या, घेणारे दोन भाचे. आत्याचा हिस्सा पाच आणे चार पै. रुपयाचे तीन समान वाटे केले की एवढंच येतं, आणि आमच्याकडे जुन्या उताऱ्यांवर हिस्से अजून असेच लिहिलेले दिसतात.

मुंबईच्या भाच्याने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं, "आत्याला त्या जमिनीत काही इंटरेस्ट नाही हो. ती सही करेल. मसुदा तयार आहे, तुम्ही फक्त गट नंबर बघा." मसुदा मूळ इंग्रजीत होता आणि त्याने तो मोबाईलवर मराठी करून घेतला होता. मी खरोखरच फक्त गट नंबर, चतुःसीमा आणि आधार कार्डं बघितली. हंगामात असं होतं, पण चूक ती चूकच.

आमचं टोकन सतरा होतं आणि आत चौदावं चालू होतं. आत्याबाई माझ्या टेबलाशी बसून पानापानावर सह्या करत होत्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ओळ मोठ्याने वाचली: "सदर मिळकतीमधील माझे सर्व हक्क, शीर्षक आणि व्याज मी कायमचे सोडून देत आहे."

मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "रे बाबा, मी कोणाक पैशे कधी दिले? ह्या व्याज खयसून इला? जा माझा न्हय, ता मी सोडू कसा?"

शेजारच्या टेबलावरचा स्टॅम्प व्हेंडर फस्सकन हसला. माझे मात्र कान तापले. 'राइट, टायटल अँड इंटरेस्ट' या तीन शब्दांवर आमचा अख्खा धंदा उभा आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या 17 व्या कलमात हेच त्रिकूट आहे: शंभर रुपये नि त्यावरच्या स्थावरात असा काही हक्क निर्माण करणारा किंवा संपवणारा दस्त नोंदवायलाच हवा. मराठीत आम्ही 'हक्क, मालकी व हितसंबंध' लिहितो. यंत्राने टायटलचं शीर्षक केलं आणि इंटरेस्टचं व्याज. शीर्षकाकडे आत्यांनी दुर्लक्ष केलं, पण व्याज हा त्यांच्या रोजच्या हिशेबातला शब्द होता.

"आत्ये, छपाईची चूक आहे, सही कर," भाचा म्हणाला. ती छपाईची चूक नव्हती आणि आत्यांनाही ते पटलं नाही. मग मी सांगायला बसलो. म्हटलं, गहाणखत आठवा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 58 वं कलम म्हणतं की गहाण म्हणजे ठरावीक स्थावरातला 'इंटरेस्ट' दुसऱ्याकडे देणं. कर्जावर चढतं तोही इंटरेस्टच. एकाच कागदावर दोन्ही. पहिला म्हणजे जमिनीत तुमचा जो काही लाग असेल तो; दुसरा म्हणजे पैशाच्या पोटी वाढणारा पैसा. साठेखताचं उलट. 54 वं कलम स्पष्ट सांगतं की नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत असा इंटरेस्ट निर्माण होत नाही. साठेखत करून 'जमीन माझी झाली' म्हणत हिंडणारे मला दरवर्षी दोन-तीन तरी भेटतात.

आत्या लक्ष देऊन ऐकत होत्या. "लाग म्हंजे काय काय?"

"मालकी, कब्जा, कलमांचं उत्पन्न, येण्याजाण्याची वाट, घरात राहणं. सगळंच त्यात येतं."

"म्हंजे ह्या एका शब्दात घर पण इला?"

"आलं."

"आणि गणपतीक मी इलंय तर निजू खय?"

मुंबईचा भाचा मोबाईलमध्ये बघू लागला. गावात कलमं सांभाळणारा धाकटा भाचा तोवर भिंतीला टेकून उभा होता. तो पहिल्यांदाच बोलला: "आत्येची खोली आत्येचीच. ती कोण काढून घेता?"

पण तोंडचं बोलणं नोंदणीत धरत नाही. मी सांगितलं की सगळं सोडायचं आणि एक गोष्ट राखायची, असं करता येतं. पडवीलगतची खोली, तिथे हयातीपर्यंत राहण्याचा हक्क. इंग्रजी मसुद्यात यालाच 'लाइफ इंटरेस्ट' म्हणतात. म्हणजे इंटरेस्टचे तुकडे पडतात. पूर्ण सोडावा लागतो असं नाही. मोठा भाचा म्हणाला, उद्या कोणी बाग-घर घ्यायला आलं तर अडचण होईल. ते खरंच होतं, आणि ते त्याने सगळ्यांसमोर बोलून दाखवलं हे बरंच झालं. आत्या फक्त म्हणाल्या, "मगे माझी खोली सोडून बाकीचा लिव."

टोकन गेलं. दस्त दुसऱ्या दिवसावर.

रात्री बाबांची जुनी इंग्रजी डिक्शनरी काढली. आमच्या खाऱ्या हवेने फुगून तिची जाडी दीडपट झाली आहे. लॅटिन 'इंटर' म्हणजे मध्ये, 'एसे' म्हणजे असणे. 'इंटरेसे': मध्ये असणे, आणि त्यावरून फरक पडणे. इंग्रजीत आधी रुळला तो कायदेशीर वाट्याचा अर्थ, म्हणजे आत्यांचाच. व्याजाची वाट वेगळी. मध्ययुगीन युरोपात चर्चच्या लेखी व्याज घेणं पाप. पण ऋणको मुदतीत फेडत नसेल तर धनकोचं जे नुकसान व्हायचं, त्याची भरपाई मागता यायची. त्या भरपाईला 'इंटरेसे' म्हणत. पापाला एक सभ्य नाव मिळालं आणि हळूहळू ते नावच व्याज झालं. 1545 मध्ये आठव्या हेन्रीच्या कायद्याने इंग्लंडमध्ये दहा टक्क्यांपर्यंत व्याजाला मुभा दिली. आवड, कुतूहल हा अर्थ या सगळ्यांत धाकटा, अठराव्या शतकात रुळलेला. भाचा फोनवर बोलला तो हाच. फोनवर तिसरा, यंत्रात दुसरा, आत्यांच्या मनात पहिला, असा त्या शब्दाचा दिवसभर गोंधळ चालला होता.

मराठी व्याजाचंही सरळ नाही म्हणा. संस्कृतात 'व्याज' म्हणजे कपट, निमित्त. म्हणून स्तुतीच्या मिषाने केलेली निंदा ती व्याजस्तुती, आणि निर्व्याज प्रेम म्हणजे बिनव्याजी नव्हे, निष्कपट. मला हे शाळेपासून ठाऊक होतं, पण दोन्ही व्याजं एका ओळीत ठेवून कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिसरं पान नवीन. "सदर मिळकतीमधील माझे सर्व हक्क, मालकी व हितसंबंध, खाली नमूद खोलीत हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून..." खोलीची लांबी-रुंदी धाकट्या भाच्याने रात्रीच टेपने मोजून आणली होती, नऊ फूट बाय अकरा. चूक माझी, म्हणून दुसऱ्या टायपिंगचे पैसे घेतले नाहीत. आत्यांनी पान दोनदा वाचलं, बोट कुठेच अडलं नाही. आत साहेबांनी विचारलं, मजकूर मान्य आहे का. त्या म्हणाल्या, "आता आसा."

अंगठा लागला, फोटो निघाला. बाहेर पडवीत मोठ्या भाच्याने मला हळूच विचारलं, खोलीला वेगळा दरवाजा काढला तर चालेल का. आत्या छत्री उघडत होत्या, त्यांनी ऐकलं. "काढ की," म्हणाल्या, "कडी आतसून लाव."